पाचचा गजर

दिवाळीपुऱ्याच्या कोर्टात लिफ्ट बंद होती.
चार मजले चढून गेले, तर शिपाई म्हणाला,
बेसो बेन, हजी वार छे.
बाकावर रेवती फणसेची आई,
मांडीवर डबा. आत नेऊ दिला नव्हता.
म्हणाली, तुम्ही दांडियाबाजारातल्या ना?
मग मराठीतच सांगा जजसाहेबांना.

सांगितलं गुजरातीत.
आधी शपथ, मग नाव, मग नोकरीची वर्षं,
मग माणूस सोळा वर्षं भीतीत राहिला
की त्याचे कान कसे बदलतात, ते.
ती पायऱ्या ऐकायची, साहेब.
बारा पायऱ्या. आठवीवर थांबून त्यानं चपला काढल्या
तर रात्र बरी.
न थांबता वर आला
तर ती मुलीला गच्चीवर धाडायची,
वाळत घातलेले कपडे आणायला,
रात्री अकराला,
दोरीवर काही नसताना.

टायपिस्टनं लिहिलं :
आरोपीची श्रवणशक्ती उत्तम आहे.

सरकारी वकील गोड बोलतात.
मयत झोपला होता, डॉक्टर?
हो.
झोपलेला माणूस हात उचलतो?
नाही.
मग त्या मिनिटाला जिवाला धोका कुठे होता?
घड्याळ बघून सांगा.

घड्याळच बघा, मी म्हटलं.
त्या रात्री त्यानं तिच्यासमोर मोबाईलवर गजर लावला.
पाचचा.
म्हणाला, आता दमलोय,
पहाटे उठून तुझं आणि पोरीचं एकदाच मिटवतो.
आणि झोपला, तोंड उघडं टाकून,
राबून आलेल्या कुठल्याही माणसासारखा.
कुलूप आतून. किल्ली त्याच्या करदोड्याला.
ती बसून राहिली.
साडेअकरा. एक. अडीच.
असल्या बाबतीत त्यानं दिलेला शब्द
सोळा वर्षांत एकदाही मोडला नव्हता.
चार चाळीसला तिनं वरवंटा उचलला.

पंचनाम्यात वरवंटा आहे, वजनासकट.
मोबाईल आहे : नंग एक, काळा, काच तडकलेली.
गजर नाही.
फक्त समोरच्या चंपकभाईंच्या जबाबात
एक ओळ आहे, कुणी न वाचलेली :
सकाळी कितीतरी वेळ काहीतरी वाजत होतं,
बंदच करत नव्हतं कुणी.

छेल्लो सवाल, म्हणाले वकील,
आणि पिवळा पडलेला एक केसपेपर पुढे केला.
सयाजी इस्पितळ, अपघात विभाग, नऊ वर्षांपूर्वी.
फणसे रेवती, डावं मनगट मोडलेलं.
न्हाणीघरात पाय घसरून पडल्याचं रुग्ण सांगते.
खाली सही.
तेव्हाही माझा र असाच मागे कलायचा.

तेव्हा काही दिसलं नाही तुम्हाला,
आणि आज दिसतं, तज्ज्ञबेन?

मागे कुणीतरी हसलं.
मला ती आठवत नव्हती. तोही नाही.
रात्रपाळीला साठ-सत्तर पेशंट,
आणि खाट धरून उभे नवरे,
बायकोचं नाव, वय, कशी पडली, कुठे लागलं,
सगळं काळजीनं सांगणारे.
रुग्ण सांगते, असं मी हात चालेल तसं लिहायचे.
चहा गार व्हायच्या आत.

वकिलांना हो किंवा नाही हवं होतं.
मी म्हटलं, साहेब, हे शब्दशः घ्या :
अक्षर माझं आहे.
मला ती आठवत नाही.
तिला एकटीला आम्ही विचारलं नव्हतं.
तेव्हा कुणालाच विचारत नव्हतो.

टायपिस्टनं वर पाहिलं.
मग टाईप केलं, सावकाश,
दोन बोटांनी.

पाच वाजत आले होते.
पुढची तारीख पडली, बावीस.
सगळे उठले, फायली बांधल्या गेल्या.
रेवती अजून भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती,
आणि पोलीसबाई तिला म्हणत होती,
चालो, बेन, चालो हवे.